निळ्या बैलाच्या मालकाचा दहावा

कपाशी पांढरी असते असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मी त्यांना हिवाळ्यातल्या सकाळी, दहिवर उतरलेलं असताना, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन उभं करते आणि म्हणते, दाखवा पांढरं. त्या वेळी फुटलेलं बोंड निळसर असतं, धुतलेल्या शाळेच्या सदऱ्याला नीळ जास्त व्हावी तसं. दुपारी त्याला रंगच नसतो, नुसती डोळ्यांत मारलेली चापट असते. ऊन कललं की त्याला हळद चढते, मग गुलाल, मग वांगी रंग, आणि दिवस बुडाल्यावर कपाशी काळ्या जमिनीवर अशी उजळत राहते की त्या उजेडात बाभुळगावातल्या एका म्हातारीने मेथी निवडलेली मी पाहिली आहे. हे वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर सुईत दोरा ओवला म्हणाले असते. पण त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात जे जे बाहेरून आले, त्यांना कपाशी पांढरीच दिसली, माती काळीच दिसली, आणि आम्ही सगळे मेलेले किंवा मरायला टेकलेले दिसलो. त्या डोळ्यांचा मला तेव्हा राग आला होता. दाढदुखीसारखा तो अजून अधूनमधून ठणकतो, म्हणून हे प्रकरण.

आमचं घर गादीवाल्यांचं. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या भिंतीतून कापूस आरपार ये-जा करायचा. अब्बांची कापूस पिंजायची धुनकी म्हणजे ताणलेल्या तातीचं, माणसाहून लांब धनुष्य. लाकडी दस्त्याने ठोकलं की त्यातून ढ्यांव, ढ्यांव असा आवाज निघायचा. तो ऐकत मी झोपायचे, तो ऐकत उठायचे, आणि माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द अम्मी नव्हता, अब्बा नव्हता, ढ्यांव होता, असं अम्मी येईल त्याला सांगायची. रुईचे तंतू हवेत तरंगत राहायचे आणि शेवटी जेवणात उतरायचे. दालच्यात रुई, अंबाडीच्या भाजीत रुई, भाकरीच्या पापुद्र्यात रुई. पाहुणे जेवता जेवता तोंडातून केसासारखं काहीतरी ओढून काढायचे तेव्हा अम्मी जराही न लाजता म्हणायची, "खा लो, हलकी चीज है." पुढे बाजारात फोमच्या गाद्या आल्या, कापसाचं सगळं गणितच बिघडलं, आणि धुनकी जास्त वेळ खुंटीला लटकून राहू लागली. ती शांतता आमच्या घरात मला सर्वांत मोठ्याने ऐकू यायची.

रंगपेटी मला कशी मिळाली याच्या मी आजवर तीन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि तिन्ही खऱ्या आहेत. महत्त्वाचं एवढंच की ती मिळाली आणि मी घरात बसेना. घरात बसून काढलेल्या चित्रात सूर्य नेहमी दोन डोंगरांच्या मधून उगवतो, आणि आमच्याकडे तर तो सरळ नामदेवकाकांच्या तुरीतून उगवायचा. नामदेवकाका आणि वच्छलाकाकू आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. त्यांच्या रजया अब्बा भरून द्यायचे. पोर एकटी रानात जाणार नाही असं अब्बांनी बजावलं होतं, तेव्हा वच्छलाकाकूच दुकानात येऊन म्हणाली, माझ्यासोबत येईल, माझ्यासोबत परतेल, तिच्याकडे वाकड्या नजरेने बघणाऱ्याला मी पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काडीने झोडपेन. वच्छलाकाकू उंचीला माझ्या खांद्याएवढी होती, पण तालुक्यात तिच्या शब्दावर कुणी शंका घेतल्याचं मी ऐकलं नाही.

उघड्यावर चित्र काढणं ही चित्रकला नव्हे, ती मारामारी आहे. दिवाळीआधीच्या उन्हात ब्रश पाण्यातून कागदापर्यंत पोचेस्तोवर रंगाचा पापड व्हायचा. थंडीत उलटं, दहिवराने कागद असा ओला राहायचा की आभाळ खाली वाहत येऊन तुरीत शिरायचं. वारा सुटला की फुटलेल्या बोंडांतले तंतू उडून ओल्या रंगाला चिकटायचे, म्हणून माझ्या त्या काळातल्या प्रत्येक चित्रात खराखुरा कापूस आहे. हात फिरवून बघा, लागेल. आणि उजेड तर पाळलेल्या मांजरासारखा, आत्ता मांडीवर, आत्ता छपरावर. मी एकाच जागेची वेगवेगळी चित्रं सोबत न्यायचे. सकाळचा उजेड सरला की सकाळचं चित्र दगडाखाली दाबायचं आणि दुपारचं काढायचं. असं दाबलेलं एक आख्खं संध्याकाळचं आभाळ नामदेवकाकांच्या शेळीने खाल्लं. त्यानंतर ती आठवडाभर केशरी लेंड्या टाकत होती.

नामदेवकाका धुऱ्यावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचे आणि टीका करायचे. त्यांच्या एका बैलाचं डावं शिंग खाली वळून गालाला टेकलेलं होतं. पंचक्रोशीत तसा बैल दुसरा नव्हता. तो मी सकाळच्या सावलीत काढला आणि निळा काढला, कारण सावलीत तो निळाच होता. काकांनी चित्र उभं धरलं, आडवं धरलं, मग बैलाकडे पाहिलं.

"माह्या बैलाले निळा काहून केला वो?"

मी म्हटलं, सावलीत आहे म्हणून.

"मंग उन्हात बांधतो. निळा बैल बाजारात कोणी घेईन काय?"

ही गोष्ट त्यांनी स्वतःच गावभर केली, पाहुण्यारावळ्यांत केली, पार फुलसावंगीला, काकूच्या माहेरापर्यंत पोचवली. पोळ्याला तर त्यांनी त्या बैलाच्या पाठीवर खरोखर निळीचे पंजे उठवले. निळ्या बैलवाला नामदेव म्हणून त्यांना लोक ओळखू लागले, आणि ही ओळख पुढे काय करून बसणार होती ते तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षांत आमच्याकडे पाऊस कमी आणि पाव्हणे जास्त. जीपगाड्यांच्या धुळीने पऱ्हाटीचं पान दिसेना. हा कॅमेरा घेऊन यायचा, तो वही घेऊन यायचा, तिसरा नुसताच मान हलवायला यायचा. खोटं कशाला सांगू, कर्जापायी खरोखर जीव दिलेली माणसं होती. आमच्याच गल्लीतून एक तिरडी निघालेली मी पाहिली, आणि तिच्यामागे चालणाऱ्या लेकरांचे चेहरे मी कधी काढले नाहीत, काढणारही नाही. पण पाव्हण्यांना मेलेलं माणूस पुरत नसे. त्यांना जिल्हाच्या जिल्हा तिरडीवर बांधलेला हवा असायचा. कुणी हसताना दिसलं की कॅमेरा खाली. गावात लग्न असलं की जीप परत.

अशाच एका जीपमधून झोळीवाले साहेब उतरले. शहरातल्या कुठल्याशा संस्थेसाठी ते यवतमाळात चित्रांचं प्रदर्शन भरवणार होते, आणि त्यांना "मातीतला हात" पाहिजे होता. माझ्या हाताला खरंच माती होती, म्हणून ते खूश झाले. मग म्हणाले, काहीतरी दाहक दाखव, भेगाळलेली जमीन, वठलेलं झाड. मी विचारलं, कार्तिकात? आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते ती आपल्या मर्जीने. पाऊस सरळ पोटात घ्यायचा म्हणून ती आ वासून बसते. ज्या उन्हाळ्यात भेगा नीट पडत नाहीत त्या उन्हाळ्यात म्हातारे काळजी करतात. हे मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी भिंतीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर दगडाखालच्या एका चित्रावर गेली.

ते चित्र सीतादहीचं होतं. आमच्याकडे पहिली वेचणी सुरू करायच्या आधी घरची बाई शेताच्या कोपऱ्यात, एका भरल्या पऱ्हाटीखाली दगड मांडते, त्यांना हळदीकुंकू वाहते, पुढे पानावर दही-भात ठेवते, थोडा पिकावर शिंपडते आणि मगच पहिलं बोंड ओटीत घेते. कपाशी दह्यासारखी घट्ट येवो, एवढंच मागणं. त्या सकाळी वच्छलाकाकू नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून बसली होती. मागे निळा बैल होता, आणि उजव्या बाजूला धुऱ्यावर नामदेवकाका खर्रा घोटत दात काढत होते. मधेच पावसाची एक वेडी सर येऊन गेली आणि आभाळाच्या ओल्या रंगात थेंबांचे गोल गोल डाग पडले. ते मी तसेच ठेवले, कारण ते माझ्यापेक्षा चांगले काढलेले होते.

साहेब चित्रापुढे उकिडवे बसले. हलक्या आवाजात विचारलं, हा दही-भात ना. मी हो म्हटलं. दगडांपुढे ठेवलाय ना. मी हो म्हटलं, आणि ही वच्छलाकाकू, आज तिची, एवढं बोलले तोच त्यांनी हात वर केला. त्यांचे डोळे भरून आले होते. "पुरे," म्हणाले, "पुढचं सांगू नकोस. मला कळलं." मला वाटलं, चला, एका तरी शहरी माणसाला सीतादही ठाऊक आहे. चित्र घेऊन गेले. तो थांबवणारा हात मला आजही दिसतो, आणि दर खेपेला तो मनगटापाशी धरून पिरगाळावासा वाटतो.

काही दिवसांनी ऐन दुपारी मी काकूच्या ओट्यावर भाकरी खात बसले होते. ठेचा असा होता की कानातून धूर निघावा. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज उठला. काकूचा भाऊ बबनमामा आणि त्याची बायको, फुलसावंगीहून बस बदलत बदलत आलेली, हंबरडा फोडत येत होती. मामाने डोक्यावर टॉवेल घेतला होता. मामी "माह्या ननदेचं कपाय फुटलं" म्हणत ऊर बडवत होती. काकू भाकरी थापता थापता पिठाच्या हातांनी बाहेर आली. नामदेवकाका खाटेवर पडले होते. ते उठून बसले, तोंडातला खर्रा एका गालात सरकवला आणि गंभीरपणे विचारलं, "कोण गेलं बापा?"

बबनमामाने टॉवेल बाजूला केला, त्यांना पाहिलं, आणि म्हणाला, "भाऊजी, तुमी."

गल्ली जी हसली म्हणता. पलीकडच्या आटाचक्कीचा पट्टा हसण्याने निसटला. पण मामाने पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि पसरला, तसं एकेकाचं हसू गळालं. बसस्टँडवर लावलेलं पोस्टर होतं ते, त्याने फाडून आणलेलं. वर प्रदर्शनाचं नाव, "कोरडं कपाळ". खाली माझं चित्र. तोच वाकड्या शिंगाचा निळा बैल, ज्याच्यावरून मामाने ओळखलं होतं. तेच दगड, तोच दही-भात. उजवीकडचा धुरा कापलेला, त्यावरचे काका गायब. वच्छलाकाकूच्या कपाळावर कातडीच्या रंगाचा एक सपाट ठिपका, कुंकू नाही. आणि चित्राखाली शब्द होते, "दहाव्याचा घास".

साहेबांना कळलं होतं ते हे. दगड, उघडं रान, पानावर दही-भात, म्हणजे कावळ्याला ठेवलेला पिंड. सवाष्णीची सीतादही त्यांनी दहाव्याला नेऊन बसवली होती.

काकूने कागद घेतला नाही. तिथूनच पाहिला. मग माझ्याकडे वळून, ओरडून नाही, उसन्या साखरेबद्दल विचारावं तशा आवाजात म्हणाली, "पोरी, हे तू पुसलं?"

मी म्हटलं, अल्लाकसम, नाही.

"मंग ज्यानं पुसलं त्याच्याकून लावून आण. तवर मी वावरात पाय ठेवत नाई."

आणि ठेवला नाही. दुसरी वेचणी तोंडावर आलेली, बोंडं उमलून लोंबू लागलेली, पश्चिमेला आभाळ दाटत चाललेलं. एक पाऊस पडला असता तर सगळा कापूस भिजून पिवळा पडला असता. काका समजावून थकले. गल्लीतल्या बाया आधी हसत होत्या, त्याच आता दबक्या आवाजात विचारू लागल्या की काका रात्री खोकतात का. आणि खरं सांगते, काका खोकायला लागले. तोवर कधी न खोकलेला माणूस, बायांच्या डोळ्यांत स्वतःला बघून बघून खोकायला लागला.

आमच्या घरी धुनकी थांबली. अब्बा म्हणाले, मामला कुंकवाचा आहे, आपण कोण, उद्या कुणी म्हणेल मुसलमानाच्या पोरीने पुसलं, गप्प राहा. ते घाबरले होते, आणि ती भीती काही हवेतून आलेली नव्हती. अम्मी चुलीपाशी कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"जिंदा आदमी की औरत का माथा पोंछा है," ती म्हणाली. "नसीम, जा. और रंग साथ लेके जा."

अब्बा थोडा वेळ धुनकीच्या तातीवर बोट फिरवत राहिले. मग उठून टोपी घातली आणि म्हणाले, एस.टी.ची वेळ झाली.

काका-काकूंना घेऊन आम्ही यवतमाळच्या त्या हॉलमध्ये शिरलो आणि मला थंडी वाजली. सगळीकडे ट्यूबलाईट. उन्हात काढलेली चित्रं त्या उजेडात मुडद्यांसारखी दिसत होती, आणि बहुतेक तशीच दिसावीत अशी सोय होती. माझं चित्र मधोमध टांगलेलं, उजव्या बाजूला चांगला चार बोटं रुंद काळा पुठ्ठा लावून धुरा झाकलेला. पुढे लोक मान वाकवून उभे. साहेब आम्हाला पाहून हात जोडत आले आणि काकूला म्हणाले, ताई, तुमचं दुःख आज राज्याला कळतंय. काकूने मागे उभ्या नवऱ्याकडे बोट केलं आणि सांगितलं की हे माझं दुःख, सकाळीच चार भाकरी खाऊन आलंय.

मी कुंकवाबद्दल विचारलं. साहेब दुखावले. मुलगी नवखी आहे, तपशिलात चुकली होती, म्हणाले. दहाव्याला बसलेल्या बाईला कुंकू कसं असेल? आणि कडेचा तो हसणारा माणूस विषयाशी सुसंगत नव्हता. आम्ही फक्त दुरुस्ती केली. मी सीतादही सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांचा हात वर व्हायच्या आत. त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, असेल, पण आता ते चित्र एका व्यक्तीचं राहिलेलं नाही, ते प्रतीक झालंय.

नामदेवकाका पुढे आले. खोकले. "साहेब," म्हणाले, "मी जित्ता हावो, हे तुमाले जमून नाई राह्यलं काय?"

साहेब चित्र खिळ्यावर सरळ करू लागले. जमतच नव्हतं त्यांना. मी चित्र खिळ्यावरून उतरवलं. कुणीतरी अहो अहो केलं. अब्बा, माझे घाबरट अब्बा, हॉलच्या दारात असे उभे राहिले की मधून मुंगी गेली नसती. मी काळा पुठ्ठा नखांनी उचकटला आणि टराटरा फाडला, आणि खालून धुऱ्यावर बसलेले काका निघाले, दात काढत. लोकांनी चित्रातल्या काकांकडे पाहिलं, मग बाहेरच्या काकांकडे. मान वाकवलेल्या एका बाईंची मान सरळ झाली.

ट्यूबखाली लाल रंग लाल दिसत नाही, विटकरी दिसतो, म्हणून मी चित्र घेऊन बाहेर पायऱ्यांवर आले. ओल्या फडक्याने तो कातडीचा ठिपका पुसायला गेले, तर खालचं लाल सुटलं आणि कपाळभर पसरलं, जखमेसारखं. काकूचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला. वाळू दिल्याशिवाय वर लाल लावता येईना, आणि ऊन तर ढगात गेलेलं. तेव्हा नामदेवकाका गुडघे टेकून खाली बसले आणि चित्रावर फुंकर मारू लागले. खर्ऱ्याचा वास असलेली लांब लांब फुंकर. दहावा झालेला माणूस बायकोच्या कपाळावर फुंकर घालतोय आणि दारात अख्खं प्रदर्शन ते बघतंय. त्या दिवशीचं खरं प्रदर्शन ते. कपाळ वाळलं. ढग क्षणभर हटला तेवढ्या उन्हात मी लाल कालवला, खऱ्या कुंकवाशी ताडून पाहिला आणि टेकवला.

"थोडं मोठं लाव," काकू म्हणाली. "दुरून दिसलं पाह्यजे."

मी मोठं लावलं. परतताना बसमध्ये काकूने ते चित्र मांडीवर उभं धरलं होतं, तोंड खिडकीबाहेर करून, रस्त्यावरच्या यच्चयावत माणसांना दिसेल असं. दुसऱ्या दिवशी दहिवर वाळायच्या आत ती वावरात होती. पाऊस आला, पण वेचणी आटोपल्यावर. काकांचा खोकला बसमध्येच कुठेतरी उतरून गेला असावा.

साहेबांना पुढे मोठा मान मिळाला म्हणे. मिळो. आमच्यासारख्यांच्या दुःखावर त्यांची समज दर वर्षी वाढतच असेल. माझी कपाशी आता माझ्या केसांत फुटली आहे, पण कुणी एखाद्या गावाकडे बोट करून "बिचारे" म्हणालं की माझा हात अजून काळा पुठ्ठा शोधतो, टराटरा फाडायला.

नामदेवकाका गेल्या हिवाळ्यात गेले. भरल्या वयात, हुरडा खाऊन, झोपेत. मी भेटायला गेले तेव्हा वच्छलाकाकू गाद्यांच्या चळतीला टेकून बसली होती. अब्बांनी भरलेल्या गाद्या त्या, अजून दबलेल्या नाहीत. कपाळ मोकळं. वर भिंतीला ते चित्र. रंग बरेच उडालेत, बैल आता जेमतेम निळा आहे, कुंकू मात्र दारातूनच दिसतं. मी त्याच्याकडे पाहत राहिले. काकूच्या ते ध्यानात आलं.

"तिचं तसंच राहू दे," ती म्हणाली. "तिचा मालक धुऱ्यावर बसला हाय. खर्रा घोटून राह्यला."